तिला आधी होमला पाठवा

गोळ्या-औषधांच्या कारखान्यात तिला सगळे पक्कड म्हणायचे आणि ती ओ द्यायची. बाटल्यांत गोळ्या मोजून टाकणारी यंत्रं तिच्या ताब्यात असत. यंत्रानं एक गोळी कमी टाकली तर ती यंत्राशी तासन्‌तास बोलत बसे, आणि माणसानं एक शब्द जास्त टाकला तर त्या माणसाशी बोलणं बंद करी. एकदा धरलं की सोडायची नाही, म्हणून पक्कड.

निवृत्त झाल्यावर तिनं घराच्या गॅलरीत टेबल मांडलं आणि शिलाईयंत्रांच्या मोटरी, मिक्सर, चावीच्या गाड्या असलं काहीबाही दुरुस्त करायला घेतलं. तीन खोल्यांच्या त्या घरात आता दोघीच होत्या, ती आणि तिची थोरली जाऊ. दोघींचे नवरे एकापाठोपाठ एक गेले. भांडण तेवढं मागे राहिलं.

थोरली शाळेत गणित शिकवायची. अख्खी इमारत तिला बाई म्हणे, म्हणून धाकटीही बाईच म्हणू लागली. धाकटीनं वाणसामानाची यादी केली की बाई तिच्यावर लाल पेनानं खुणा करत. समासात शेरा असे, ‘मागच्या महिन्यातला साबण कुठे गेला?’ एकवीस वर्षांपूर्वी, घरात पाहुणे बसलेले असताना, पक्कड चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाली, “आमच्या बाई घर चालवत नाहीत, तपासतात.” पाहुणे खो खो हसले. बाई उठून उभ्या राहिल्या.

“आजपासून तुझ्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही.”

ज्या बाईंनी वर्गात कधी अर्धा गुण वाढवून दिला नव्हता, त्या इथे काय सूट देणार? दुसऱ्या दिवशी ओट्यावर दुसरी शेगडी आली. तेव्हापासून एका ओट्यावर दोन शेगड्या, दोन चहाची भांडी, मिठाच्या दोन बरण्या. काही सांगायचं असलंच तर दोघी भिंतीला सांगत.

“नळ कुणीतरी नीट बंद करत नाही,” एक भिंतीला म्हणे.

“कुणाचे कान फारच तिखट आहेत,” दुसरी त्याच भिंतीला म्हणे.

मग बाईंना कंपवात झाला. चमचा वाडग्यातून भरून निघायचा आणि तोंडाशी रिकामा पोचायचा. गिळायलाही वेळ लागे. रांधून ठेवायला एक स्वयंपाकीण येत होती. तिच्याशी बाईंचं वाकडं नव्हतं, कारण ती ठार बहिरी होती. भरवायला मात्र ठेवलेल्या तिघीजणी बाईंनी पळवून लावल्या. शेवटच्या बिचारीला तर पाढे म्हणायला लावले होते. शेवटी बाईंची मुलगी, म्हणजे पक्कडची पुतणी, जवळच्याच कचेरीतून दिवसात तीनदा धावत येऊन आईला भरवू लागली.

आणि आता त्या पुतणीची सहा महिन्यांसाठी परगावी बदली झाली.

“पुढच्या सोमवारी निघायचंय, काकू,” ती गॅलरीत येऊन म्हणाली. “होममध्ये बोलून ठेवलंय मी. एक खाट रिकामी आहे. रविवारपर्यंत हो-नाही कळवा म्हणाले.”

होम म्हणजे गावाबाहेरची म्हाताऱ्या माणसांची संस्था. बाईंना हे आधीच सांगून झालं होतं. ‘मी या घरातून हलणार नाही,’ एवढं बोलून त्यांनी डोळे मिटून घेतले होते. दोन दिवस त्या त्याच वाक्यावर अडून होत्या.

“मी आहे की इथे,” पक्कड म्हणाली. म्हणून गेली खरी, पण का, ते तिचं तिलाच समजेना.

“तुमच्या हातचं ती खायची नाही. आणि खरं सांगू का, काकू? तुमच्यानं व्हायचंही नाही.”

तुमच्यानं व्हायचं नाही, हे तिला कारखान्यात फोरमन एकदाच म्हणाला होता. पुन्हा म्हणायची त्याची छाती झाली नाही. पक्कडनं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

“माझ्या हातचं नको ना? मग माझ्या मोटरच्या हातचं खाईल. रविवारी ये. तुझ्यादेखत अख्खा वाडगा संपवते की नाही बघ.”

आता यात मायाबिया काही नव्हती. बाई गेल्या असत्या तर अख्खं घर मोकळं मिळालं असतं, ओटा मोकळा मिळाला असता, नळ हवा तसा गळत ठेवता आला असता. पण एकवीस वर्षं जिनं आपल्या हातचा घोट घेतला नाही, तिनं आपणच बनवलेल्या हातापुढे आ वासून बसायचं, यात जी मजा होती ती मोकळ्या घरात कुठून येणार?

रिमोटवर उडणारी छोटी विमानं विकणाऱ्या दुकानातून तिनं चार सर्व्हो मोटरी आणल्या, काड्यापेटीएवढ्या, निळ्या. सर्व्होचं एक बरं असतं, तिला स्वतःचा कोन कळतो. आत रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा एक भाग असतो. किती फिरलीस ते तो तिला सांगत राहतो. नव्वद अंशांवर जा म्हटलं की ती नव्वदवर जाऊन उभी. पट्ट्यांचा एक हात, टोकाला चमचा, असं सगळं पक्कडनं एका दिवसात जुळवलं आणि मंगळवारी जेवणाच्या टेबलाला घट्ट बसवलं.

बाई खुर्चीत येऊन बसल्या. होमला जायचं नव्हतं, आणि त्यांनी मनाशी एक पळवाटही काढली होती.

“यंत्र म्हणजे हात नव्हे,” त्यांनी भिंतीला व्याख्या सांगितली.

पक्कडनं सूप भरलेला चमचा तयार ठेवला आणि बटण दाबलं. वीज मिळताक्षणी चारही मोटरी ताडकन आपापल्या जागी गेल्या. सगळं सूप बाईंच्या चष्म्यावर.

“शाब्बास,” बाई भिंतीला म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला पक्कडनं मोटरी आधी चालू केल्या आणि चमचा मागाहून भरला. हात हळूहळू वर आला, बाईंच्या तोंडासमोर थांबला आणि थरथरू लागला. सर्व्होला कोन कळतो, पण ढोबळ कळतो, आणि तेवढ्यावर तिचं समाधान होत नाही. जरा पुढे गेली, जास्त झालं, जरा मागे, कमी पडलं, पुन्हा जरा पुढे. सूप थेंब थेंब करून बाईंच्या मांडीवर उतरलं.

बाईंनी आधी चमच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे, आणि त्या खदाखदा हसायला लागल्या. “हिला तर माझाच रोग झालाय! आधी हिला डॉक्टरकडे न्या कुणीतरी.”

पक्कडनं रागानं सगळा हात उचकटून काढला. तिला राग रोगाचा नव्हता, बाईंचं म्हणणं बरोबर होतं याचा होता.

बुधवारी तिनं दोन गोष्टी केल्या. त्याच दुकानातून धातूच्या दात्यांची एक दांडगी सर्व्हो आणून टेबलाच्या खणात ठेवली, हाताशी असावी म्हणून. आणि एक मोडका प्रिंटर फोडून त्यातल्या दोन स्टेपर मोटरी काढल्या. स्टेपरला कोनबीन काही कळत नाही. ती पावलं टाकते. इतकी पावलं चल म्हटलं की मोजून तितकीच चालते आणि जिथे थांबते तिथे खिळा ठोकल्यासारखी थांबते. गुरुवारी चमचा वर आला तो असा, की सूपावर सुरकुतीसुद्धा पडली नाही.

बाईंनी पहिला घोट गिळला. “किती पावलांत एक फेरी?”

“दोनशे.”

“तीनशे साठ भागिले दोनशे. म्हणजे एका पावलाला एक पूर्णांक आठ दशांश अंश.”

“बरोबर.”

एवढं झाल्यावर दोघींना एकदमच कळलं की आपण भिंत मध्ये न घेता बोललो. बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं, पक्कडनं वायरींकडे.

पण सहाव्या चमच्याला बाईंना ठसका लागला आणि तोंड मिटलं गेलं. चमचा ओठांवर अडला, मोटर टक्-टक्-टक् करत जागच्या जागी घसरली, आणि आपली चार पावलं वाया गेली हे तिच्या गावीही नव्हतं. पुढचा चमचा तिनं तितक्याच भक्तिभावानं मोजून बाईंच्या गळपट्ट्यात रिकामा केला. शुक्रवारभर पक्कड त्याच्याच मागे होती. संध्याकाळी तिला उपाय सापडला आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून तिनं गॅलरीत उभं राहून फोरमनला फोन लावला.

“अहो, तिची चूक नाही. तिला स्वतःची जागाच कळत नाही ना! वीज गेली की सगळं विसरते. कुणी जरा अडवलं की मोजणी चुकते, आणि चुकली हेसुद्धा तिला कळत नाही. हो, हो, ठरवलंय मी. तिला आधी होमला पाठवायची, मग बाकीचं. होमला पाठवल्याशिवाय तिचं काही खरं नाही. लागू दे की वेळ, तिला कुठे घाई आहे?”

फोरमन तिकडून म्हणाला, बघा, तरी मी म्हणतच होतो. आपण म्हणत होतो असं तो प्रत्येक गोष्टीत म्हणे.

त्या संध्याकाळी बाईंनी मुलीच्या हातून दोनच चमचे घेतले. शनिवारी पक्कडनं यंत्र मांडून भिंतीला दोनदा सांगितलं, तरी बाई खोलीतून बाहेर आल्या नाहीत. पक्कड चरफडली. पोरीसमोर तोंडघशी पाडायचा डाव आहे हा, दुसरं काय?

रविवारी पुतणी आली ती होमचा छापील अर्ज घेऊनच. आईला हाताला धरून तिनं खुर्चीत बसवलं. पक्कडनं बटण दाबलं. हात आधी मागे गेला, तिथल्या बारीक बटणाला टेकला, टिक वाजलं, आणि मग पावलं मोजत सूप घेऊन बाईंच्या तोंडाशी आला.

बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले.

टक्-टक्-टक्. हात मागे गेला, टिक, पुन्हा आला. ओठ मिटलेलेच. तिसऱ्यांदाही तेच. मोटरमधून जाणारी वीज पक्कडनं इतकी कमी करून ठेवली होती की नुसत्या ओठांच्या जोरावर ती माघार घेई.

“ही फारच मऊ आहे हो, काकू,” पुतणी म्हणाली. “जोरकस नाही का एखादी?”

“आहे.”

“मग ती लावा ना. आईचं असंच असतं. पहिले दोन चमचे जरा रेटून आत गेले की मग खाते ती. होममध्येसुद्धा तसंच करतात म्हणे. पंधरा मिनिटांत एकेकाचं जेवण उरकतं.”

पक्कडनं खणातली दांडगी सर्व्हो काढली. तिला बाईंचा असा काही संताप आला होता की पंधरा मिनिटांत तिनं ती जागेवर बसवली. पण कारखान्याची सवय अंगात मुरलेली. दुसऱ्याच्या वाट्याला येणारं यंत्र आधी आपल्यावर चालवून बघायचं. तिनं हात स्वतःकडे वळवला, भिंतीला टेकलेल्या खुर्चीत बसली, ओठ मिटले आणि पुतणीला म्हणाली, “दाब बटण.”

चमचा आला, ओठाला लागला आणि थांबला नाही. सर्व्होला तिचा कोन माहीत होता आणि तिला तिथे पोचायचं होतं. मध्ये कुणाचं तोंड आहे हे तिच्या हिशेबात नव्हतं. ती घूंऽऽ करू लागली आणि जितकं अडवावं तितकी जास्त रेटू लागली. पक्कडनं मान मागे घेतली, तर मागे भिंत. ओठ दातावर चिरडला. तोंड उघडावं तर चमचा घशात जाणार, म्हणून उघडताही येईना. ‘बंद कर’ म्हणायलासुद्धा तोंड हवं होतं. तिनं टेबलावर थापा मारल्या तेव्हा कुठे पुतणीनं वीज तोडली.

हनुवटीवरून रक्त ओघळलं.

“अगंबाई! काकू!”

“बर्फ लाव,” बाई म्हणाल्या. भिंतीला नाही, सरळ पक्कडलाच.

पक्कडनं ओठाला बर्फ लावला आणि दुसऱ्या हातानं सर्व्होचे स्क्रू सैल करायला सुरुवात केली. “ही लागणार नाही या टेबलाला.”

“मग?” पुतणीनं विचारलं.

“मग तीच. नको म्हटलं की परत जाणारी.”

“परत जाऊन जाऊन आई जेवणार कधी? काकू, मी उद्या निघतेय!”

“कशाला हा सगळा खटाटोप?” बाई मध्येच कडाडल्या. आवाज असा, की शेवटच्या बाकावरचं पोरसुद्धा ताठ बसावं. “मला पाठवायचंच ठरलंय ना तुझं? शुक्रवारी गॅलरीत उभी राहून सांगत होतीस कुणाला तरी. माझी खिडकी उघडी होती. तिला स्वतःची जागाच कळत नाही. वीज गेली की सगळं विसरते. होमला पाठवल्याशिवाय तिचं काही खरं नाही. शब्दन्‌शब्द सांगते हवं तर. आणि विसरते म्हणजे काय गं? तेवीसचा पाढा म्हणून दाखवू? उलटा?”

पक्कड बर्फ हातात धरून बघत राहिली. मग तिला हसू फुटलं आणि ओठ पुन्हा उलला.

“अहो, ती मोटर!”

“कोण मोटर?”

“ती! ती मोटर! तिला होमला पाठवायचं म्हणत होते मी!”

“काकू, काय बोलताय तुम्ही?” पुतणी म्हणाली.

सांगण्यात अर्थ नव्हता. पक्कडनं स्टेपर पुन्हा जागेवर लावली, चमचा रिकामाच ठेवला आणि बटण दाबलं. हात हळूच मागे गेला. टिक.

“हे होम,” ती त्या बारीक बटणावर नख आपटत म्हणाली. “कारखान्यात ह्याला होमच म्हणतात. हिला आपण कुठे आहोत ते कळत नाही, म्हणून आधी इथे पाठवायची. इथून पावलं मोजत ती तुमच्या तोंडाशी येते. तुम्ही अडवलंत की मोजणी बिघडते, म्हणून दर चमच्याला पुन्हा होम.”

बाईंनी वाकून ते बटण नीट पाहिलं. चूक आपली आहे हे कळल्यावर माणसं गप्प बसतात. बाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या.

“मग वाक्यात कर्ता घालायला काय झालं होतं?”

“फोनवर कर्ता कोण घालतं?”

“मोटरला पाठवायचं, असं म्हणायचं. नुसतं ती-ती काय?”

“मोटर ती नाही तर काय तो? आणि मला काय माहीत, खिडकीआड कुणी व्याकरण धरून बसलंय!”

“ज्याच्याशी बोलत होतीस त्यालाही वाटलं असेल, जावेबद्दलच चाललंय.”

“त्याला नाही वाटायचं. जावेबद्दल मी इतकं चांगलं बोलत नाही.”

पुतणी एकदा आईकडे, एकदा काकूकडे बघत होती. या दोघींना समोरासमोर भांडताना तिनं शाळेत असल्यापासून पाहिलं नव्हतं.

“भर चमचा,” बाई म्हणाल्या.

पहिला चमचा त्यांनी घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्याला मुद्दाम ओठ मिटले आणि डोळे बारीक करून बघत राहिल्या. टक्-टक्, हात मागे, टिक, पुन्हा हजर. तेव्हा घेतला. आठव्याला ठसका लागला, त्यांनी मान फिरवली, चमचा तिथेच घसरून निमूट परत गेला आणि ठसका ओसरेपर्यंत पक्कडनं तो होमपाशीच धरून ठेवला. बाराव्याला पुन्हा मुद्दाम मिटले.

“आता काय झालं?” पक्कड करवादली.

“तपासतेय.”

“तपासा, तपासा. सूप गार होतंय.”

पुतणी आधी मनगटावरचं घड्याळ बघत होती. वीस मिनिटं झाली, तीस झाली. नंतर तिनं घड्याळ बघायचं सोडलं. पन्नासाव्या मिनिटाला वाडग्याचा तळ दिसला. बाईंचा गळपट्टा कोरडा होता.

“चौतीस चमचे,” बाई म्हणाल्या. “त्यातले दोन परत पाठवले.”

“तीन,” पक्कड म्हणाली. “ठसक्याचा धरला नाहीत.”

बाईंनी ओठ हलवून मनाशी पुन्हा मोजलं.

पुतणी फोन घेऊन बाहेरच्या दारापाशी गेली. तिचा हलका आवाज आत ऐकू येत होता, “हो, आईसाठीच विचारलं होतं. नाही, आता नको. ती खाट दुसऱ्या कुणाला द्या तुम्ही.”

बाईंनी डोळे मिटले, आणि हातांचा कंप होता तसाच चालू राहिला तरी खांदे खाली आले.

पक्कड चमचा पुसत होती ती मध्येच थांबली. पन्नास मिनिटं. दिवसातून तीन वेळा. म्हणजे रोजचे अडीच तास, सहा महिने, या बाईच्या समोर बसून. वाडगा भरायचा, चमचा खाली आला की त्यात सूप घालायचं, ठसका लागला की बटण धरून ठेवायचं. ही कामं मोटर करणार नव्हती. आणि पंधरा मिनिटांत उरकणारी मोटर तिनं स्वतःच्या हातानं सोडून बाजूला ठेवली होती. एवढं सगळं मोजलं, नेमकं हेच मोजायचं राहिलं.

“उद्या सकाळी आठ वाजता,” बाई डोळे न उघडता म्हणाल्या. “उशीर चालणार नाही.”

“साडेआठ.”

“का? आठला मोटर झोपलेली असते?”

“मी असते,” पक्कड म्हणाली आणि सुजलेल्या ओठावर उरलेला बर्फ दाबून धरला.